उजव्या हाताची नखे

रविवारची सकाळ आहे. अंघोळ झाली आहे, समोर कालचे वर्तमानपत्र पसरले आहे आणि हातात नेलकटर आहे. डाव्या हाताची पाच नखे उजवा हात बघता बघता काढून टाकतो. मग नेलकटर डाव्या हातात जाते आणि खरी पंचाईत सुरू होते. हात थरथरतो, नख एका बाजूला जास्त कापले जाते, करंगळीपाशी तर धीरच सुटतो. आपल्यापैकी बहुतेकांची उजव्या हाताची नखे डाव्या हाताच्या नखांपेक्षा थोडी ओबडधोबड असतात. वाटल्यास आत्ता पाहा.

आज या पाच नखांच्या निमित्ताने थोडा इतिहास सांगायचा आहे. आपली नखे आपण आपल्याच घरी काढावीत, घासावीत, त्यांना आकार द्यावा, हौस असेल तर रंगही लावावा, हे सगळे आपल्याला इतके साधे वाटते की त्याला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण थोडे मागे गेले की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांची ऐपत होती त्यांच्या नखांची निगा पुष्कळ काळ दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती. आणि ज्यांची ऐपत नव्हती त्यांची नखे कामाने झिजत, नाहीतर दाताखाली जात.

'मॅनिक्युअर' हा शब्द मूळचा लॅटिन. 'मानुस' म्हणजे हात आणि 'कुरा' म्हणजे निगा. हाताची निगा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात रंग नाही, चकाकी नाही. ही निगा कोणी राखायची, हेही त्या शब्दात सांगितलेले नाही. सगळी गोष्ट तिथेच आहे.

इजिप्तमध्ये सक्कारा नावाचे ठिकाण आहे. पिरॅमिडांच्या मुलखातलेच. तिथे १९६४ साली एक कबर सापडली. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, पाचव्या राजवंशाच्या काळातली. कबर एकाची नव्हे, दोघांची होती. एकाचे नाव न्यांखख्नुम, दुसऱ्याचे ख्नुमहोतेप. भिंतीवर हे दोघे नाकाला नाक लावून, एकमेकांना मिठीत घेऊन उभे आहेत. ते भाऊ होते, जुळे होते की आणखी काही, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण त्यांच्या हुद्द्याबद्दल वाद नाही, कारण तो तिथेच कोरलेला आहे. राजवाड्यातल्या नखे काढणाऱ्यांचे ते प्रमुख होते. म्हणजे नखे काढणारे एकदोघे नव्हते, त्यांचे एक खातेच होते आणि त्या खात्याला वरिष्ठ अधिकारी होते. राजाच्या शरीराला हात लावण्याचा अधिकार ज्याला होता तो माणूस लहान नव्हता. त्याशिवाय त्याला अशी चित्रांनी भरलेली कबर मिळाली नसती.

रोममध्ये हे काम न्हाव्याकडे होते. तिथला न्हावी केस कापी, दाढी करी आणि नखेही काढी. प्लाउटस हा तिथला जुना नाटककार, सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या एका नाटकात एक कंजूष म्हातारा आहे. न्हाव्याने त्याची नखे काढली, तर पठ्ठ्याने खाली पडलेले तुकडेन् तुकडे गोळा केले आणि घरी नेले! याच नाटकावरून पुढे फ्रान्समध्ये मोलिएरने आपले कंजुषाचे नाटक रचले, आणि मोलिएरवरून आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' मराठीत आणले. म्हणजे आपण ज्या कंजुषाला पोट धरधरून हसलो, त्याचा खापरपणजोबा न्हाव्याच्या पायाशी बसून स्वतःची नखे वेचत होता.

आपल्याकडे काय होते? एक फार जुना आणि मजेदार दाखला बौद्ध विनयग्रंथात आहे. भिक्षूंनी काय करावे, काय करू नये, याचे नियम त्यात आहेत, आणि प्रत्येक नियमामागे तो का करावा लागला याची हकिगत आहे. भिक्षूंनी नखे वाढवू नयेत असा नियम झाला. आता नखे काढायची कशी? भिक्षूंजवळ साधन नव्हते. कोणी नखानेच नख तोडू लागले, कोणी दातांनी, कोणी भिंतीवर घासू लागले. बोटे दुखू लागली. तेव्हा बुद्धांनी नखे कापायचे हत्यार बाळगायला परवानगी दिली. मग काहींनी रक्त येईपर्यंत नखे कापली. म्हणून पुन्हा सांगावे लागले की मांसाच्या कडेपर्यंतच कापा. हे होते न होते तोच एका सहा जणांच्या टोळक्याने हातापायांची वीसच्या वीस नखे घासून गुळगुळीत, चकचकीत करवून घेतली. लोक कुजबुजू लागले की हे तर संसारी शौकिनांसारखे वागतात. मग शेवटचा नियम आला: नखे चकाकवायची नाहीत, फक्त त्यांतला मळ काढायचा.

मला ही हकिगत फार आवडते. घरच्या घरी नखांची निगा राखण्यातल्या सगळ्या अडचणी तिच्यात आहेत. हत्यार नसणे, हत्यार मिळाल्यावर जास्त खोल कापणे, आणि जमू लागल्यावर नटण्याची हौस. आजही क्रम तोच आहे.

वैद्यकातही नखांना मान होता. चरकसंहितेत केस, दाढी आणि नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत असे सांगितले आहे, म्हणजे दर पाच दिवसांनी. सुश्रुताने शस्त्रकर्माची जी वीस शस्त्रे सांगितली त्यांत 'नखशस्त्र' आहे. आणि रोगी पाहायला निघालेल्या वैद्याची नखे बारीक कापलेली असावीत असेही त्याने बजावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेबद्दल मार्गदर्शन केले. त्यात रुग्णांशी संबंध येणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि स्वतःची नखे अर्ध्या सेंटीमीटरहून कमी ठेवावीत असे म्हटले आहे. सुश्रुताला त्यात नवे काही वाटले नसते.

वात्स्यायनाच्या कामसूत्रातही नखांवर एक प्रकरण आहे. ते कशाबद्दल आहे ते इथे सांगायला नको. पण त्यात एक जाता जाता आलेली नोंद आहे. गौड देशातल्या लोकांची नखे लांब, हाताला शोभा आणणारी. दक्षिणेकडच्यांची आखूड, पण कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातल्यांची? मध्यम, दोन्हींचे गुण असलेली. आपल्याबद्दलचे हे मत किती जुने आहे पाहा! शोभाही हवी आणि कामही अडता कामा नये. ही स्तुती म्हणायची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पण ही मध्यम नखे काढीत कोण होते? गावात हे काम बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याचे. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा यांच्याबरोबर नराणी असे. नराणी म्हणजे नखे काढायचे छोटे धारदार हत्यार. 'नखहरणी' या संस्कृत शब्दावरून तो शब्द आला. नव्या पिढीने ती पाहिलेलीही नसेल. ओसरीवर किंवा पारावर मांडी घालून बसायचे, बोट न्हाव्याच्या हाती द्यायचे, आणि तो गावगप्पा सांगत एकेक नख काढून टाकायचा. आपण मराठीत 'नखे कापणे' म्हणण्यापेक्षा 'नखे काढणे' जास्त म्हणतो, ते मला वाटते या नराणीमुळेच. तिने नख कापत नाहीत, खालून अलगद सोलून काढतात. या कामाचे वेगळे पैसे नसत. सुगीला धान्याच्या रूपाने जे बलुते मिळे त्यातच ते आले. आणि सगळ्यांनाच तो मिळत होता असेही नव्हे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या बोटांना न्हाव्याचा हात लागत नसे.

बायकांचे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जात्यावर दळायचे, कांडायचे, शेणाने सारवायचे, राखेने भांडी घासायची. अशा हातांची नखे वाढणार कधी आणि काढायची कधी? ती झिजतच. वाढलीच तर वस्तऱ्याचे जुने पाते, पुढे दाढीचे वापरलेले ब्लेड. आमच्या पिढीपर्यंत पुष्कळ घरांत नखे काढायचे साधन म्हणजे वडिलांनी दाढी करून टाकलेले ब्लेडच होते. तिन्हीसांजेनंतर नखे काढू नयेत हा दंडक सगळ्यांनीच ऐकला आहे. त्यामागे लक्ष्मी जाण्याची भीती घातली जाई. पण रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात उघड्या ब्लेडने उजव्या हाताची नखे काढून पाहा, म्हणजे दंडक घालणारीला काय दिसत होते ते कळेल.

ज्याची नखे लांब, त्याचे काम दुसरे कोणी करते, ही खूण जगभर समजत होती. चीनच्या सम्राज्ञी त्सीशी यांची १९०३-०४ च्या सुमारास काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत बोटांवर लांबलचक नखसंरक्षक चढवलेले दिसतात. अशी नखटोपणे सोन्याचांदीची, रत्ने जडवलेली असत. त्या हातांनी साधे बटणही लावता येणार नाही. ते लावायला दुसरे हात होते, हेच तर दाखवायचे असे.

आपल्या पुण्यातही एक वेगळे उदाहरण घडले. श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ साली शाळकरी वयात डाव्या हाताची नखे वाढवायला सुरुवात केली, ती २०१८ पर्यंत कापली नाहीत. जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती समारंभाने कापली गेली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरहून अधिक भरली. गिनीज बुकात नाव गेले. पण त्यांच्यासाठी दुसरे हात नव्हते. स्वतःचा उजवा हात तेवढा होता. त्यावर त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. डावा हात मात्र नीट उघडता-मिटता येईनासा झाला.

आता जरा अमेरिकेत जाऊ. कारण घरी बसून स्वतःचे मॅनिक्युअर करण्याची आजची पद्धत घडली ती तिथेच, आणि तीही फार जुनी नाही. १८७८ च्या सुमारास मेरी कॉब नावाच्या बाईने न्यूयॉर्कमध्ये केवळ हातांची निगा राखण्याचे दुकान काढले. तोवर तिथे हे काम श्रीमंतांच्या दासी करीत. आता पैसे मोजून कोणीही टेबलासमोर बसावे आणि हात पुढे करावा. नखे कोमट पाण्यात भिजवायची, आकार द्यायचा, मुळाशी आलेली कातडीची कड कात्रीने कापायची, आणि मग भुकटी लावून मऊ कातड्याने घासून चकाकी आणायची. 'पॉलिश' हा शब्द तेव्हाचा. बूट-पॉलिशसारखेच ते खरोखरचे घासणे होते. बाटलीतला रंग नंतर आला आणि घासण्याचे नाव त्याने आपल्याकडे घेतले.

मग आले १९११ साल. नॉर्दम वॉरन नावाच्या माणसाने एक द्रव विकायला काढला. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते तिला इंग्रजीत क्युटिकल म्हणतात. ती कात्रीने न कापता मऊ करून मागे सारण्याचे हे औषध. क्युटिकलवरून त्याने नाव ठेवले क्युटेक्स. आपल्याकडे पुष्कळ घरांत नखांच्या कुठल्याही रंगाला 'क्युटेक्स'च म्हणत. मूळ क्युटेक्समध्ये रंग नव्हता, हे त्यांना सांगितले असते तर खरे वाटले नसते.

वॉरनची खरी करामत बाटलीत नव्हती, जाहिरातीत होती. बायकांच्या मासिकांत त्याच्या जाहिराती येऊ लागल्या. चार नाणी टपालाने पाठवा आणि नमुन्याची पेटी घरपोच मिळवा. पेटीत द्रव, लाकडी काडी, कानस, चकाकीची भुकटी. सोबत पायरीपायरीने सूचना. दासीची गरज नाही, दुकानाचीही नाही. काही मिनिटांत तुमचे तुम्हीच करा. आणि त्याच जाहिरातीत हळूच एक टोचणीही असे: लोक तुमच्या हातांकडे बघताहेत बरे का! हात पुढे करताना तुम्हाला संकोच तर वाटत नाही ना?

इथे थोडे थांबू या, कारण एका हाताने दिले आणि दुसऱ्याने घेतले, असा हा व्यवहार आहे. कारकुनी करणारी, टंकलेखन करणारी, दुकानात उभी राहणारी बाई पहिल्यांदाच राणीसारखे हात मिरवू शकत होती, आणि तेही स्वतःच्या हाताने. हे काही लहान नव्हे. पण त्याबरोबर तिच्या आठवड्याच्या कामांत एका कामाची भरही पडली. ते न केल्यास तिने लाजावे अशी व्यवस्था झाली. सक्काऱ्याच्या राजाला आपल्या नखांची लाज वाटली असती तर त्याने आपल्या अधिकाऱ्याला बोलावले असते. हिला स्वतःलाच बोलावे लागले.

एक मात्र कबूल करायला हवे. क्युटेक्सच्या जाहिरातीतला एक सल्ला खरोखर शहाणपणाचा होता: ती कातडी कापू नका. ती कड निरुपयोगी नसते. नख आणि त्वचा यांच्यामधली फट तिने बंद केलेली असते. ती कापली की फट उघडते, पाणी आणि जंतू आत शिरतात, बोट सुजून ठणकायला लागते. आपल्या आज्या त्याला नखुर्डे म्हणत. आजचे त्वचारोगतज्ज्ञही हेच सांगतात. अंघोळीनंतर नखे मऊ असतात तेव्हा ती कापावीत, पण कानस मात्र ती कोरडी झाल्यावर चालवावी, एकाच दिशेने, करवतीसारखी मागेपुढे नाही. आणि शेवटी दोन थेंब तेल. आपले खोबरेल चालते. घरच्या मॅनिक्युअरमधला आरोग्याचा भाग एवढाच. बाकीची हौस.

आता त्या हौसेकडे वळू. नखांचा आजचा झटपट वाळणारा रंग ज्या पदार्थावर उभा आहे त्याचे नाव नायट्रोसेल्युलोज. हा १८४६ च्या सुमारास श्योनबाइन या शास्त्रज्ञाच्या हाती आला तेव्हा त्याला 'गनकॉटन' म्हणत, कारण तो स्फोटक होता. त्यापासून बिनधुराची दारू झाली. त्यापासून सिनेमाची फिल्म झाली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' असल्याच ज्वालाग्राही फिल्मवर होता. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठाराला आग लागून जुन्या चित्रपटांचा अनमोल ठेवा नष्ट झाला, तोही याच नायट्रेट फिल्मचा. पहिल्या महायुद्धानंतर हा पदार्थ मोटारींच्या रंगात आला. १९२३ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने 'ड्यूको' रंग काढला आणि ज्या मोटारी वाळायला दिवसचे दिवस लागत त्या काही तासांत वाळू लागल्या. त्याच जातीचे लाखेसारखे पातळ थर याच दशकात नखांवर आले. म्हणून नेलपॉलिशची बाटली गॅसच्या शेगडीजवळ उघडू नये. ती दिसते गोंडस, पण तिचे घराणे तोफखान्याचे आहे.

सुरुवातीचे हे रंग पारदर्शक, फिके गुलाबी असत. मधला भाग रंगवून नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर आणि टोक मोकळे सोडण्याची फॅशन होती. १९३२ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन या भावांनी चार्ल्स लॅकमन या रसायनवाल्याला बरोबर घेऊन रेव्हलॉन कंपनी काढली. नावातला 'ल' त्या लॅकमनचा. त्यांनी रंगद्रव्ये घालून घट्ट, अपारदर्शक रंग आणला. नख आता पूर्ण झाकले जाऊ लागले. नवे कपडे परवडत नसतील, पण एक छोटी बाटली परवडे आणि ती अनेक आठवडे पुरे. त्या बाटलीच्या झाकणालाच ब्रश जोडलेला होता. तुमचे तुम्हीच लावा, असे ते झाकणच सांगत होते.

भारतात १९५२ साली टाटांच्या तेलगिरणी कंपनीने लॅक्मे सुरू केली. नाव एका फ्रेंच संगीतिकेवरून घेतलेले आणि त्या संगीतिकेतले नाव आपल्या लक्ष्मीवरून. तिन्हीसांजेला नखे काढली तर जाणारी लक्ष्मी फ्रान्समार्गे नखांच्या बाटलीवर येऊन बसली, असे म्हणायला हरकत नाही! जिनिव्हाहून सून म्हणून आलेल्या सिमोन टाटा यांनी १९६० च्या दशकापासून ही कंपनी वाढवली. मध्यमवर्गीय घरातली मुलगी कपाटाच्या आरशापुढे बसून, फुंकर मारत, एकेक नख रंगवू लागली. डाव्या हाताची सुरेख. उजव्या हाताची मात्र धाकट्या बहिणीकडून.

घरी आलेले हे काम पुढे पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेले, आणि त्यामागची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. १९७५ साली व्हिएतनाम युद्ध संपले आणि हजारो निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातल्या एका छावणीत टिपी हेड्रन ही हॉलिवूडची अभिनेत्री मदतीला जाई. तिथल्या बायकांना तिच्या रंगवलेल्या नखांचे कुतूहल वाटले. तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईलाच छावणीत आणले आणि वीस जणींना हे काम शिकवायची सोय केली. भाषा फार यावी लागत नाही, भांडवल थोडे लागते. त्या वीस जणींपासून वाढत वाढत व्हिएतनामी कुटुंबांनी अमेरिकेतल्या या धंद्याचा मोठा भाग व्यापला. दर उतरले आणि जे घरी करावे लागे ते परत दुकानात करून घेणे साध्या पगारदार बाईलाही परवडू लागले.

ते परवडण्याची किंमत कोणी मोजली, हे मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले. न्यूयॉर्कमधल्या अनेक नेल सलूनमध्ये परदेशातून आलेल्या कामगार बायकांना अत्यल्प वेतन मिळत होते. दिवसभर रंगांच्या आणि रसायनांच्या वाफेत बसून त्यांना श्वासाचे, त्वचेचे त्रास होत होते. त्या वृत्तमालिकेवर आक्षेपही घेतले गेले, पण राज्य सरकारला तातडीने नियम करावे लागले. साडेचार हजार वर्षांपूर्वी राजाची नखे काढणाऱ्याची भव्य कबर झाली होती. या बायकांची नावेही त्यांच्या समोर बसणाऱ्या गिऱ्हाइकांना बहुधा माहीत नव्हती.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी झाली. सलून, पार्लर सगळे बंद. महाराष्ट्रात सलून उघडायला जूनचा शेवट उजाडला. तीन महिने राजा असो की रंक, ज्याची नखे त्याच्याच हाती. ज्यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नख कापले नव्हते अशांनाही डाव्या हाताची परीक्षा द्यावी लागली. घरी लावायच्या जेल-पॉलिशच्या पेट्या तेव्हा जगभर खपल्या. त्यांतल्या ॲक्रिलेट रसायनांची त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि तसलीच रसायने दातांच्या उपचारांत वापरतात म्हणून पुढे तिथेही अडचण येऊ शकते, असा इशारा ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याआधीच २०१८ मध्ये दिला होता. युरोपीय संघाने तर अशा जेलमधल्या टीपीओ नावाच्या रसायनावर सप्टेंबर २०२५ पासून बंदीच घातली. म्हणून रंग साधा, बाटलीतला, हवेवर वाळणारा लावावा, हे माझे मत.

त्याच महासाथीत घरोघर ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावायचा, आकडा वाचायचा. गडद रंगाचे नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून डॉक्टर आधी ते पुसायला सांगत. कितीतरी बायकांच्या नखांवरचा रंग त्या दिवसांत दुसऱ्याच कुणीतरी, घाईघाईने, कापसाने पुसला असेल.

नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४१ पासून पस्तीस वर्षे स्वतःच्या डाव्या अंगठ्याचे नख मोजले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नखाच्या मुळाशी कानशीने एक बारीक रेघ ओढायची आणि ती टोकाला कधी पोहोचते ते टिपून ठेवायचे, एवढेच. बत्तिसाव्या वर्षी त्याचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वयाबरोबर नखांचा वेग मंदावतो हे त्याने स्वतःच्या अंगठ्यावर सिद्ध केले. १९८० मध्ये त्याने तो सगळा हिशेब प्रसिद्ध केला. घरगुती मॅनिक्युअरमधून निघालेले यापेक्षा चांगले संशोधन मला माहीत नाही.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. तिची नखेही आता सावकाश वाढतात, पण जाड आणि कडक झाली आहेत. दर दोन आठवड्यांनी मी कोमट पाण्याचे पातेले घेऊन तिच्यासमोर बसते. सकाळीच बसते, कारण सांजेला ती बसू देत नाही. डाव्या हाताची नखे तिने आधीच, आपली आपण, काढून ठेवलेली असतात. ती माझ्यापुढे करते तो उजवा हात.